जुनी फायबरची होडी पुन्हा पाण्यात उतरवायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या फायबर होड्यांबद्दल आहे, साधारण १८ ते २५ फुटी, मागे आउटबोर्ड म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन लावलेल्या, ज्या घेऊन लोक जाळं टाकायला नाहीतर सुट्टीच्या दिवशी गळाने मासे धरायला जातात. ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांचं गणित वेगळं, ते इथे शोधू नका. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, वाचा आणि मग फोन करा.

जुनी होडी बघायला चाललोय, नेमकं काय तपासू?

रंग बघू नका, हे पहिलं. विकायला काढलेली प्रत्येक होडी नवरीसारखी नटवलेली असते, नवा निळा पट्टा, नवं नाव, पुढे हार. फायबर सहसा मरत नाही हो, मरतं ते फायबरच्या पोटातलं लाकूड. ट्रान्सम म्हणजे इंजिन बसतं ती मागची भिंत, तिच्यात प्लाय असतो, आणि फ्लोअरखाली लांबीने जे पाट टाकलेले असतात त्यांच्यातही बऱ्याचदा लाकूड असतं. एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी आत शिरलं की ते बाहेर यायचं नाव घेत नाही, बाहेरून सगळं चकाचक आणि आत लगदा.

म्हणून स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरा आणि त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळा ट्रान्सम चार-चार बोटांवर ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक, ढब असा बसका आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. मग इंजिन वर उचलून त्याच्यावर भार टाका आणि कोणाला तरी बाजूने बघायला लावा, ट्रान्सम जराही लवला तर समजून जा. तरीही शंका असेल तर मालकाला विचारून आतल्या बाजूने, खालच्या कोपऱ्याजवळ ४ मिमीचं भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट आला तर छान. काळपट, ओला, बोटाला चिकटणारा आला तर लाकूड गेलंय, आणि कधीकधी तर ड्रिल बाहेर काढल्याबरोबर चहाच्या रंगाचं पाणीच ओघळायला लागतं. भोक नंतर पुट्टीने बुजवता येतं. मालक भोक पाडू देत नसेल तर त्याला आतलं माहीत आहे असं धरून चाला.

होडी वजनाला जड वाटते का तेही बघा. चार जण उचलतात ती होडी आठ जणांना उचलेना तर फ्लोअरखालचा फोम पाणी प्यायलेला आहे.

कागद नाहीत पण फार स्वस्त मिळतेय, घेऊ का?

नको. मासेमारीच्या होडीला मत्स्यव्यवसाय विभागाची नोंदणी लागते आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मासेमारीचा परवाना लागतो. नोंदणीचं काम आता रिअलक्राफ्ट नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर होतं. २६/११ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झालीय, सागरी पोलीस आणि कोस्ट गार्ड आधी नंबर बघतात आणि मग तुमच्याशी बोलतात. होडी दुरुस्त करण्यात महिना घालवायचा आणि मग ती झापाखाली ठेवून द्यायची, हा उद्योग कशाला. आधी जुन्या मालकाच्या नावाचे कागद, मग पैसे.

दुरुस्त करू की नवीनच घेऊ?

तळ आणि बाजू धड असतील आणि फक्त ट्रान्सम, फ्लोअर गेलं असेल तर दुरुस्त करा, अशी होडी पुन्हा वर्षानुवर्षं चालते. पण कण्याच्या रेषेत, म्हणजे खाली मधोमध, आरपार तडे असतील किंवा होडी एका बाजूला पिळल्यासारखी दिसत असेल तर सोडून द्या. मागे उभं राहून एक डोळा मिटून कडेची रेषा बघा, पीळ लगेच कळतो.

काम कधी काढू? पावसाळ्यात बंदी असते तेव्हाच वेळ मिळतो.

इथेच सगळे अडकतात. १ जून ते ३१ जुलै बंदी, होड्या वर ओढलेल्या, हाताला काम नाही, म्हणून वाटतं की आत्ताच उरकू. पण फायबरचं काम आणि कोकणातला पाऊस यांचं जमत नाही. दमट हवेत फायबरच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा थर असतो, त्याच्यावर रेझीन, म्हणजे काचेचे धागे धरून ठेवणारा चिकट द्रव, लावलं तर वरून कडक दिसतं आणि पुढच्या वर्षी पापुद्र्यासारखं निघतं. आणि प्लाय वाळणार कधी, जुलैत चादर वाळत नाही तिथे.

मग करायचं काय, तर कामाचे दोन भाग करा. तोडफोड, कुजलेलं काढणं, धुणं, मोजमाप, साचे कापणं, इंजिन खोलणं हे बंदीत करा. फायबर चढवायचं काम एकतर एप्रिल-मेमध्ये उरका नाहीतर पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात हवीच असेल तर पत्र्याची पक्की शेड, चारी बाजूंनी ताडपत्री, आत हॅलोजन लावून जागा कोरडी ठेवा आणि उघडीप मिळेल त्या दिवशीच थर चढवा. बाहेर सर येतेय आणि आत रोलर चालू आहे असं करू नका.

मे महिन्यात उलटा त्रास असतो, रेझीन डब्यातच जमून दगड होतं. सकाळी सात ते दहा काम करा आणि एका वेळी थोडंच कालवा.

पॉलिस्टर रेझीन की इपॉक्सी?

होडी मुळात पॉलिस्टरची असते. मोठं काम, ट्रान्सम, फ्लोअर, तळाचे थर हे पॉलिस्टरमध्ये केलं तर परवडतं, त्यातही साध्या जनरल पर्पजपेक्षा आयसोप्थॅलिक घ्या, खाऱ्या पाण्यात ते जास्त टिकतं. दुकानात नुसतं आयसो म्हटलं की कळतं. इपॉक्सी जास्त घट्ट चिकटते, पाणी कमी पिते आणि खिशाला चाट लावते, म्हणून ती बोल्टची भोकं आणि छोट्या पण महत्त्वाच्या जागांसाठी ठेवा.

एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या, पॉलिस्टरवर इपॉक्सी चांगली बसते पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर धड बसत नाही. म्हणजे जिथे एकदा इपॉक्सी लावली तिथे पुढेही इपॉक्सीच. आणि आपली नेहमीची चॉप मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चादर, इपॉक्सीबरोबर वापरू नका, त्या मॅटमधले धागे ज्याने चिकटवलेले असतात ते पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतं, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट कडकच राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीसाठी विणलेलं कापड घ्या.

हार्डनर किती घालायचा?

हार्डनर म्हणजे रेझीन कडक करणारं रसायन. वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोभर रेझीनला १० ते २० ग्रॅम. कडक उन्हाळ्यात १ टक्क्याच्या आसपास रहा. लवकर सुकावं म्हणून जास्त ओतणारे बरेच आहेत, तसं केलं की रेझीन तापतं, ठिसूळ होतं, तडकतं. तोलून घाला, साधा किचनचा काटा चालतो. बाटलीचं बूच हे माप नाही.

आता जरा नीट वाचा. काही रेझीनमध्ये कोबाल्ट (सुकायचा वेग वाढवणारं रसायन) आधीच घातलेला असतो, काहींत तुम्हाला घालावा लागतो. घालायचा असेल तर आधी रेझीनमध्ये कोबाल्ट घालून पूर्ण ढवळायचं आणि नंतर हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही, चुकूनही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. दोन्ही बाटल्या एका पिशवीत आणू नका, शेजारी-शेजारी ठेवू नका. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत रहायचं आणि तसंच डॉक्टरकडे. साधा पाच-पन्नास रुपयांचा गॉगल घाला की.

आणि उरलेलं कालवलेलं रेझीन बादलीत तसंच ठेवून जेवायला जाऊ नका, जाड गोळा स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडायला लागतो, पेटतोही. वाळूवर पातळ पसरून टाका, कडक झालं की उचला.

ट्रान्सम बदलायचाय, स्वतः जमेल का?

जमेल, पण घाई नको. पूर्ण कामात पैसा आणि वेळ कुठे घालायचा असेल तर इथे घाला. साठ-सत्तर किलोचं इंजिन आणि त्याचा सगळा जोर या एका भिंतीवर असतो.

इंजिन उतरवा. होडी खाली नीट टेकवा, कण्याखाली ओंडके आणि बाजूंना वाळूच्या गोण्या, म्हणजे आकार बिघडणार नाही. मागच्या बाजूला दोन्ही काठांना जोडणारी एक फळी आडवी ठोकून ठेवा, कारण ट्रान्सम मोकळा झाला की काठ फाकतात आणि मग नवा प्लाय बसता बसत नाही.

आता ग्राइंडरला आधी साबण दाखवा, म्हणजे काय तर कापायच्या आधी डिटर्जंटने सगळं घासून धुवा. जुन्या होडीत ऑइल, पेट्रोल, माशाचं तेल सगळं मुरलेलं असतं, न धुता घासलंत तर ते तेल फायबरमध्ये आणखी आत जातं आणि नवीन थर त्याच्यावर चिकटणार नाही.

मग आतल्या बाजूचं फायबर कापायचं, कडेला दोन-तीन इंच पट्टी सोडून. बाहेरचं कवच तसंच ठेवायचं, तोच तुमचा साचा. आतला कुजका प्लाय पटाशीने निघतो, काही ठिकाणी हाताने ओरबाडला तरी येतो, आणि तळाशी बराचसा चिकटून बसलेला असतो तो मात्र जीव काढतो. सगळं निघाल्यावर कवचाची आतली बाजू ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कने घासून खरखरीत करा आणि दोन-चार दिवस पंखा लावून वाळू द्या.

पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या आणि त्यावरून प्लाय. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीनच हवा. दुकानदार शटरिंग प्लाय दाखवेल, पाण्यातच असतो म्हणेल, पण त्याच्या चकचकीत थरावर रेझीन चिकटत नाही. १८ मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवले की साधारण दीड इंच होतात, छोट्या आउटबोर्डला तेवढं लागतं. कडांना, विशेषतः कापलेल्या कडांना, दोन-तीन वेळा रेझीन पाजा, पाणी तिथूनच शिरतं. कवचावर ओली मॅट आणि घट्ट पुट्टी लावून प्लाय दाबून बसवायचा आणि क्लॅम्प किंवा बोल्टने आवळायचा, सगळ्या कडांतून पुट्टी बाहेर आली तर आत पोकळी राहिली नाही असं समजा.

कोपरे पुट्टीने गोल करून घ्या, कारण मॅट काटकोनात बसत नाही, तिच्या मागे हवा रहाते. मग मॅट आणि रोविंग (जाड विणलेलं काचेचं कापड) आलटून पालटून, प्रत्येक पुढचा थर आधीच्यापेक्षा दोन इंच जास्त बाजूंवर आणि तळावर नेत. एका दमात तीन-चार थरांच्या वर जाऊ नका, तापतं.

शेवटी बोल्टची भोकं. भोक मोठं पाडा, इपॉक्सीच्या पुट्टीने पूर्ण भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध बरोबर मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्टच्या कडेने पाणी गेलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. हे एवढं बोट बांधणाऱ्याने पहिल्यांदा केलं असतं तर तुम्हाला हा प्रश्न विचारावा लागला नसता.

ट्रान्समची उंची इंजिनच्या शाफ्टप्रमाणे ठेवा, शॉर्ट शाफ्टला १५ इंच, लाँगला २० इंच. इंजिनच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी प्लेट तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी, जास्त वर राहिली तर पंखा हवा खातो.

मॅट किती आणि रेझीन किती आणू?

४५० ग्रॅमची मॅट म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम, तिला साधारण एक किलोच्या वर थोडं रेझीन लागतं आणि वाळल्यावर १ मिमीच्या आसपास जाडी मिळते. रोविंगला तिच्या वजनाएवढं रेझीन पुरतं. मॅट भिजून पारदर्शक दिसायला लागली की थांबा आणि लोखंडी खाचांच्या रोलरने बुडबुडे काढा. जास्त रेझीन म्हणजे जास्त मजबुती हा गैरसमज आहे, मजबुती काचेच्या धाग्याची असते.

तडे गेलेत. सगळेच धोक्याचे का?

नाही. कोळीष्टकासारखे बारीक तडे बहुतेक वेळा जेलकोटचे, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराचे असतात, घासून भरले की झालं. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असतील तर आत काहीतरी कडक टेकतंय किंवा तिथे होडी लवतेय, ते शोधा.

आरपार भोक किंवा चीर असेल तर नुसता वरून ठिगळ लावू नका. कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या बारा पट. म्हणजे तळ ५ मिमी जाड असेल तर भोकाच्या चारी बाजूंनी ६० मिमीचा उतार. बघणाऱ्याला वाटतं एवढ्याशा भोकासाठी केवढं घासतोय, पण जोड तिथेच धरतो.

खाली फोड आलेत, फोडले तर पाणी निघतं.

वास घ्या, आंबट, व्हिनेगरसारखा येईल. पाणी जेलकोटमधून आत झिरपून फायबरमध्ये साठतं. थोडे असतील तर एकेक उघडा, गोड्या पाण्याने बऱ्याचदा धुवा, पूर्ण वाळवा आणि इपॉक्सीने भरा. वाळवणं हेच मुख्य काम आहे, त्याला आठवडे लागतात. पूर्ण तळावर असतील तर जेलकोट काढावा लागतो, ते काम कारागिराला द्या. तशी आपली किनाऱ्यावर रोज ओढली जाणारी होडी या आजारातून बरीच वाचते, पाण्यातच उभी राहणारी जास्त सापडते.

ओढून ओढून तळ झिजलाय.

वाळूवर उतरणाऱ्या प्रत्येक होडीचं हेच. कण्याच्या पट्ट्यावर तीन-चार जास्तीचे थर द्या आणि त्यावर प्लास्टिकची, एचडीपीईची पट्टी लावा, झिजली की बदलायची. स्क्रू मारत असाल तर त्याची भोकं आरपार जाऊ देऊ नका.

फ्लोअरखाली थर्माकोल भरला तर चालेल? स्वस्त पडतो.

पॉलिस्टर रेझीन थर्माकोलला लागलं की थर्माकोल विरघळून जातो, डोळ्यांसमोर खड्डा पडतो. पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्या, बंद पेशींचा. एक लिटर फोम पाण्यात जवळजवळ एक किलो वजन पेलतो, त्यावरून हिशोब करा की होडी पाण्याने भरली तरी इंजिन आणि माणसं धरून ती तरंगली पाहिजे. आणि फोम ठासून भरून पाणी निघायची वाट बुजवू नका, मागे ड्रेनपर्यंत मोकळी नाळी ठेवा.

जेलकोट लावला, दोन दिवस झाले तरी चिकट आहे. रेझीन खराब का?

बहुतेक नाही. जेलकोट हवेत उघडा असला की वरचा थर चिकटच राहतो, साच्यात लावायचा माल आहे तो. शेवटच्या हातात मेणाचं सोल्युशन मिसळा किंवा वर प्लास्टिकची फिल्म पसरा. नाहीतर सरळ इपॉक्सी प्रायमर आणि टू-पॅक (दोन डबे कालवून लावायचा) पीयू रंग मारा, जुन्या होडीला तेच सोपं पडतं. रंग कुठला मारायचा ते मात्र आधी परवाना अधिकाऱ्याला विचारा, नंबर आणि रंगाचे नियम असतात.

मोठं इंजिन, वर छप्पर, मासे ठेवायला बर्फाची पेटी, सगळं करायचंय.

एकेक करू. इंजिन होडीच्या क्षमतेच्या वर नको, आणि अश्वशक्ती बदलली की नोंदणीतही बदलावी लागते. छप्पर हलकं ठेवा, पाइप आणि कापड. फायबरचं जाड केबिन छोट्या होडीवर चढवलं की भार वर जातो, वारा लागतो आणि बाजूच्या लाटेत ती जास्त झुकते, दिसायला भारी दिसते हे मान्य.

बर्फाची पेटी खूप कामाची, सुरमई-तांब दुपारपर्यंत ताजी राहते. दोन इंच तरी पीयू फोम, आतून गुळगुळीत, कोपरे गोल, खाली बूच असलेला ड्रेन. होडीच्या मध्यावर ठेवा. मागे इंजिन, बॅटरी, पेट्रोल आणि वर बर्फही ठेवलात तर नाक आकाशात.

पेट्रोलची टाकी सुटीच वापरा. जुन्या होडीत तळात फायबरची टाकी बनवलेली असेल तर ती बंद करा, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं पॉलिस्टर आणि जुने रबरी पाइप दोन्ही खराब होतात. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा.

लाइट? एलईडी लावून रात्री मासे गोळा करता येतात म्हणे.

एलईडी लावून मासेमारीला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, त्या वाटेला जाऊ नका. चालताना लागणारे दिवे मात्र हवेतच, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि पांढरा. वायर टिनचा मुलामा दिलेली घ्या, साधी तांब्याची दोन पावसाळ्यांत हिरवी होते. फ्यूज बॅटरीच्या जवळ. ट्रान्सपाँडर (होडी कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र) बसवायचा असेल तर अँटेनाला मोकळं आकाश दिसेल अशी जागा छप्पर करतानाच सोडा. इस्रोच्या तंत्रज्ञानावर चालणारी ही योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमातूनच सुरू झाली.

नट-बोल्ट कुठले?

स्टेनलेस, ३१६. ३०४ स्वस्त मिळतात पण खाऱ्या पाण्यात लालसर होतात. लोखंडी जीआय बोल्ट ट्रान्सममध्ये मारणाऱ्याला काम देऊ नका.

साधा मास्क चालतो ना?

धुळीला एन-९५ चालेल, रेझीनच्या वासाला नाही, त्याला कार्बन कार्ट्रिजवाला मास्क लागतो. घासताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, काम झालं की आधी थंड पाण्याने अंघोळ, गरम पाण्याने खाज वाढते. आणि वारा बघून ग्राइंडर चालवा. बाजूला कोणाचे बोंबील बांबूवर वाळत घातलेले असतील तर तिकडे धूळ जाता कामा नये, काचेची धूळ आहे ती, कोणाच्या ताटात जायला नको आणि भांडणही नको. खाली ताडपत्री टाका, धूळ गोळा करून गोणीत भरा.

झाली तयार. थेट समुद्रात नेऊ?

आधी खाडीत, भरतीच्या वेळी, उथळ पाण्यात. ड्रेनचं बूच लावलं का बघा, हसू नका, सगळ्यात जास्त वेळा तेच राहतं. इंजिन न लावता तासभर तरंगू द्या आणि फ्लोअरखाली पाणी येतंय का बघा. मग इंजिन लावून, पेट्रोल आणि माणसं घेऊन, लाइफ जॅकेट घालून हळू चक्कर मारा. परत आल्यावर ट्रान्समचे बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्या फेरीत ते थोडे बसतात. पाच-सहा फेऱ्या झाल्या की परत एकदा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन सगळा ट्रान्सम ठोकून बघा.